पंखांची डागडुजी

सूनबाईचं काम सांगायला सोपं आणि करायला जिवावर येणारं होतं. जाळी घेऊन कुरणात जायचं, फुलपाखरू पकडायचं, त्याच्या पोटाला पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा हलकेच लावून काढायचा, तो काचेवर डकवायचा आणि फुलपाखराला वाटेला लावायचं. मग प्रयोगशाळेत येऊन मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि त्या पट्टीवर रोगाची भुकटी किती आहे ते बघत बसायचं. लोकांना वाटायचं, काय मजेची नोकरी आहे, फुलपाखरांमागे हुंदडायचं. हे सूनबाईने इतक्यांदा ऐकलं होतं की आता ती नुसती मान डोलवायची. हुंदडून हुंदडून तिचे गुडघे कामातून गेले होते, आणि उन्हाने धरलेलं डोकं संध्याकाळचा स्वयंपाक उरकेपर्यंत सुटत नसे.

खरं तर तिचं काम फुलपाखरांचं नव्हतंच, अळ्यांचं होतं. रानातल्या एका अळीच्या जिवावर किती जण टपलेले असतात याची घरात बसून कल्पना यायची नाही. एक माशी तिच्या अंगावर अंडी घालते आणि माशीची पिलं अळीला आतून पोखरत मोठी होतात. एक रोग असा की अळी झुडपाच्या शेंड्यावर चढते, उलटी लोंबकळते, काळी पडते आणि तिचं अक्षरशः पाणी होऊन खालच्या पानांवर ठिबकतं. पण सूनबाई ज्याच्या मागे लागली होती तो रोग वेगळा, भुकटीचा. रोगी फुलपाखराच्या पोटावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारी भुकटी बसलेली असते. मादी चिकाच्या झुडपावर, ज्याचीच पानं या अळ्या खातात त्यावर, अंडं घालते तेव्हा ती अंड्यावर नि पानावर सांडते. अळी बाहेर पडली की पहिला घास आपल्याच अंड्याच्या टरफलाचा घेते, म्हणजे आईचा रोग लेकीच्या पोटात गेलाच. गंमत अशी की अळी पुढे चांगली धडधाकट दिसते, खातेपिते, बाळसं धरते. रोग दिसतो तो कोषात. कोषावर काळपट डाग पडतात, आणि बाहेर यायची वेळ झाली की फुलपाखरू त्यातच चिकटून बसतं. अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि तसंच मरतं. ऐकायला वाईट वाटतं, पण कुरणाचं भलं त्यातच असतं. जे बाहेर आलं नाही ते अंडी घालत नाही आणि रोग पुढे नेत नाही.

हे झालं कुरणातलं. घरी सासरे होते.

सासऱ्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि समोर गिऱ्हाईक कितीही घाईचं असलं तरी चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं, आणि सासूबाई गेल्या तेव्हा स्वतःच अंथरूण धरलं. दुखणं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी छाती तपासली, पोट तपासलं, रक्त तपासलं आणि हात झटकले. सासरे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. सूनबाई सकाळी उशाशी चहा ठेवून जायची आणि संध्याकाळी साय धरलेला तोच चहा उचलायची. ते खेकसत नसत, रडत नसत. खेकसले असते तर बरं झालं असतं, निदान तिला उलटून काही म्हणता तरी आलं असतं.

नवरा जहाजावर इंजिन सांभाळायला होता आणि वडिलांना सांभाळायचे सल्ले फोनवरून द्यायचा. "त्यांना कशात तरी गुंतव," तो म्हणायचा, जणू घरात गुंतवायच्या वस्तूंचं कपाट भरलेलं होतं. सूनबाई हो म्हणायची. नवऱ्याशी वाद घालायलाही अंगात थोडी ताकद शिल्लक लागते.

आणि एक दिवस ध्यानीमनी नसताना ते गुंतले. प्रयोगशाळेची वीज गेली होती, सुट्टी तोंडावर आलेली, आणि गारठ्यात अळ्या मरतील म्हणून सूनबाई एक डबा घरी घेऊन आली. जेवणाच्या टेबलावर डबा ठेवला, खुर्चीत जरा पाठ टेकली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. जागी झाली तर समोर सासरे. मळका सदरा, वाढलेली दाढी, डोळ्याला भिंग. डब्याला कान लावून बसले होते.

"खाताना आवाज येतो हिचा," ते म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं धड वाक्य होतं. सूनबाईला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही लपवायला ती चहा टाकायला उठली. तो चहा ते गरम असतानाच प्यायले.

त्यानंतर डबा परत गेलाच नाही. दुकानातलं जुनं काम करायचं टेबल गॅलरीत आलं, त्यावर पारदर्शक डबे मांडले गेले, आणि सासरे दाढी करून, काठी टेकत, पाण्याच्या टाकीमागच्या कुरणात स्वतः अळ्या आणायला जाऊ लागले. सूनबाईने त्यांना सगळं नीट शिकवलं. पानं धुऊन घ्यायची. डबे औषधाच्या पाण्याने घासायचे. एका डब्यात गर्दी करायची नाही. काळी पडलेली अळी दिसली की लगेच बाजूला काढायची. सासरे चांगले विद्यार्थी निघाले, तिच्यापेक्षा जास्त काटेकोर. पहिले काही दिवस ती आल्या आल्या डबे तपासायची. मग हळूहळू तिने ते सोडून दिलं. दिवसभर तेच बघून आल्यावर घरीही तेच बघायचं म्हणजे जरा अतीच होतं. गॅलरीतून सासऱ्यांचं गुणगुणणं ऐकू यायचं, तेवढं तिला पुरायचं. नवरा फोनवर म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना." यावरही ती हो म्हणाली.

त्या मोसमात टाकीमागच्या कुरणाने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. हे कुरण म्हणजे प्रयोगशाळेचं लाडकं लेकरू. बाकीच्या जागांवर रोग कमीजास्त असायचाच, इथे मात्र तो शोधला तरी क्वचितच सापडे, म्हणून बाकीच्या जागांची तुलना याच्याशी व्हायची. आता एकाआड एक काच भुकटीने भरलेली निघायला लागली. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत, जरी उंचीने त्या सूनबाईच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. त्यांनी हवामानावर संशय घेतला, शेजारच्या बागेतल्या फवारणीवर घेतला, पट्ट्या मळक्या आहेत का म्हणून सूनबाईवरही घेऊन पाहिला. शेवटी त्यांनी ठरवलं की कुरणातली चिकाची सगळी झुडपं बुंध्यापासून छाटून टाकायची. नवी पालवी येईल ती स्वच्छ येईल. झुडपांवरची अंडी, अळ्या, कोष जातील ते जातील.

सूनबाई घरी काही बोलली नाही. त्या झुडपांशिवाय सासऱ्यांच्या गॅलरीत काय उरणार होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

छाटणीआधीच्या शेवटच्या पट्ट्या घ्यायला ती कुरणात गेली होती तेव्हाची गोष्ट. एक फुलपाखरू जड जड उडत होतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाच्याही हाती लागेल असं. जाळीत आलं. सवयीने तिने त्याचे पंख मिटून बोटांत धरले, पोटाला पट्टी लावली, काढली, आणि मग तिची नजर पंखाच्या कडेवर गेली. पंख मधून मोडला होता आणि त्यावर कागदाची एक बारीक पट्टी चिकटवलेली होती. अगदी सरळ. कडेला डिंकाचा एक थेंबही वर आलेला नव्हता. कागद पातळ, पिवळसर, तेलकट. गॅलरीतल्या टेबलाच्या खणात सासऱ्यांचे घड्याळांचे बारीक स्क्रू ज्या कागदात बांधलेले असायचे, तो.

सूनबाई तिथेच मातीत बसली. हात आपोआप उघडला आणि फुलपाखरू उडून गेलं, तेही तिच्या उशिरा लक्षात आलं. त्या पट्टीची काच बघायला प्रयोगशाळेत जायचीही गरज नव्हती, तरी ती गेली, आणि काचेवर भुकटीचा नुसता खच पडलेला होता.

आता सगळं तिच्यापुढे लख्ख झालं. सासरे अडकलेल्या फुलपाखरांना कोषातून सोडवत होते. असं करू नये हे तिने त्यांना कधीच सांगितलं नव्हतं, कारण असं करता येतं हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. प्रयोगशाळेत प्रत्येकाने नवखेपणी एकदा तरी करून पाहिलेलं असतं. टरफलाला हात लावला की पंख चिंधीसारखा फाटतो, आणि माणूस कानाला खडा लावतो. पण सासऱ्यांनी आयुष्यभर केसापेक्षा बारीक स्प्रिंगा सरळ केल्या होत्या. जी मरायला हवी होती ती सगळी त्यांनी वाचवली, धडधाकट करून, प्रेमाने, त्याच कुरणात नेऊन सोडली.

तिने नवऱ्याला फोनवर सांगितलं. मागे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. तो म्हणाला की झुडपं कापणारच आहेत ना, मग कापू देत की. सगळं आपोआप मिटेल, कुणाला काही सांगायलाही नको. खोटं कशाला बोलू, सूनबाईलाही हे पटलं. छाटणीचा निर्णय मोठ्या बाईंचा, दोष हवामानाचा, आणि ती एका बाजूला. मूग गिळून बसायला फार कष्ट पडत नाहीत. ती दमलेली होती, आणि दमलेल्या माणसाला आपोआप मिटणाऱ्या गोष्टी फार आवडतात.

तसं झालंही असतं. पण दुसऱ्या दिवशी ती घरी आली तर सासऱ्यांनी गॅलरीतून हाक मारली. "सूनबाई, ये, बघ जरा." त्यांच्या समोर एक डागाळलेला कोष होता, त्यातून अर्धं बाहेर आलेलं फुलपाखरू पाय हलवत होतं. सकाळपासून अडकलंय बिचारं, असं म्हणून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. मग चिमट्याच्या टोकाने टरफलाचा एक कण उचलला. थांबले. दुसरा कण उचलला. रंगाच्या कुंचल्याने कोमट पाणी लावलं. सूनबाई बघत राहिली. तिने इतक्या वर्षांत असं काम पाहिलं नव्हतं, आणि या हातांचं तर कधीच नाही, कारण दुकानात ती कधी गेलीच नव्हती. फुलपाखरू अलगद त्यांच्या बोटावर आलं. एक पंख चुरगळलेला होता, तो वाळण्याआधी त्यांनी फुंकर घालत घालत सरळ केला.

"हल्ली कुरणातल्या अळ्या फार आजारी दिसतात गं," भिंग काढून ते म्हणाले. "तिथे एकही ठेवणं बरं नाही. मी म्हणतो, सगळ्याच घेऊन येऊ. तू मला आणखी डबे आणून दे."

सूनबाई आत गेली. बराच वेळ ती नळ सोडून नुसती उभी होती. झुडपं आज ना उद्या पुन्हा वाढणार होती, आणि सासरे पुन्हा काठी टेकत तिथे जाणार होते. हे आपोआप मिटणारं नव्हतं.

कुरणात न्यायचा छोटा मायक्रोस्कोप तिने दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून आणला. बसमध्ये तिने वाक्यं जुळवली होती, ती जिना चढेपर्यंत विसरली. गॅलरीत जाऊन तिने सासऱ्यांच्या नव्या फुलपाखराच्या पोटाला पट्टी लावली, काचेवर डकवली, आणि म्हणाली, "बाबा, बघा."

सासरे बघायला वाकले. भिंगाची सवय असलेला डोळा, त्यांना नेम धरायला वेळ लागला नाही.

"धूळ कसली ही एवढी?"

मग तिने सगळं सांगितलं. अंडी, टरफल, कोषावरचे डाग, टाकीमागचं कुरण, छाटणी, पंखावरची कागदाची पट्टी. वाकडंतिकडं, पुढचं मागे नि मागचं पुढे. जन्मभर घड्याळातली धूळ काढलेला माणूस, त्यांना धूळ काय करते हे सांगावं लागलं नाही.

"म्हणजे अडकतात ती रोगामुळे," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"आणि मी त्यांना सोडवून तिथेच सोडून येतो." डब्यांकडे बघत ते पुढे म्हणाले, "सोडवायची नसतात, हे तू मला बोलली नाहीस."

"मला वाटलंच नाही की कुणाला ती सोडवता येतील. आमच्याकडे कुणालाच जमत नाही, बाबा. पंख फाटतात."

क्षणभर सासऱ्यांचा चेहरा उजळला. कारागिराचा चेहरा तो, स्तुती कुठल्या वेळी झाली हे त्याला कुठे कळतंय. मग तो उजेड हळूहळू मावळला, आणि हे बघणं सूनबाईला सगळ्यात जड गेलं.

त्यांनी विचारलं की आता यांचं काय करायचं. ती म्हणाली, कागदाच्या पाकिटात घालून फ्रीझरमध्ये ठेवायची. आमच्याकडे तसंच करतात.

"किती वेळ लागतो?"

"फार नाही. थंडीने आधी झोप लागते. त्यांना कळत नाही."

सासऱ्यांनी बोटावरचं फुलपाखरू जरा वर धरलं. "तुझ्या सासूबाईंच्या वेळी डॉक्टर हेच म्हणाले होते. इंजेक्शन दिलं की झोप लागेल, कळणार नाही." ते थांबले. "मी हो म्हटलं. ते खरं होतं की नाही, कुणाला विचारणार आता?"

सूनबाईला हे माहीत नव्हतं. नवऱ्यालाही माहीत नसावं. इतके महिने ते भिंतीकडे तोंड करून काय बघत पडले होते, हे तिला त्या संध्याकाळी समजलं, आणि तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवायची तिची ती पहिलीच वेळ. त्यांनी हात झटकला नाही. फुलपाखरू तिच्या बोटावर दिलं, खोलीत गेले आणि आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून.

डब्यांचं सगळं तिलाच करावं लागलं. फ्रीझरमध्ये वाटाण्याच्या पिशवीशेजारी पाकिटं रचताना ती रडत होती, आणि तिला स्वतःचाच राग येत होता. मग तिने मोठ्या बाईंना फोन केला आणि सगळं कबूल केलं. बाई ओरडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी विचारलं, "कोषातून सोडवली? खरंच?" नंतर त्यांनी कामाचं सांगितलं. दुरुस्त केलेली फुलपाखरं शोधून पकडा. ती निघाली तर बाकीचं कुरण स्वतःचं स्वतः सांभाळून घेईल. तोवर छाटणी थांबवते. पण एकही मागे राहता कामा नये.

सकाळी सूनबाई उठली ती सासऱ्यांच्या खोलीत चहा कसा न्यायचा या विचारात. दारातच थबकली. सासरे बूट घालून बाहेरच्या खोलीत बसले होते, शेजारी काठी, घडीचं स्टूल आणि तिची जाळी.

"माझं काम मला ओळखू येतं," ते म्हणाले. "तुला नाही यायचं सगळं. काहींना कागद लावायची वेळच आली नाही, नुसतंच सरळ केलंय."

त्या दिवसापासून दोघं रोज सकाळी कुरणात जायला लागली. धावायचं काम सूनबाईचं, ओळखायचं सासऱ्यांचं. ती जाळीत आलेलं फुलपाखरू स्टुलापाशी घेऊन यायची, ते भिंग लावायचे आणि म्हणायचे, हे माझं, किंवा, हे नाही, सोड. जे त्यांचं असेल ते त्यांना आठवायचंही. याचा पंख दोनदा जोडला, पहिल्यांदा कागद वाकडा बसला होता. हिच्या पायाला टरफल चिकटलं होतं, निघता निघेना. एवढं बोलून ते स्वतःच्या हाताने फुलपाखरू पाकिटात घालायचे आणि पाकीट दुमडायचे, कडा अगदी जुळवून. पाकीट दुमडून झाल्यावर ते थोडा वेळ भिंग सदऱ्याला पुसत बसायचे. सूनबाईही मग जाळीची गाठ सोडण्यात उगाच वेळ काढायची.

दमणूक तर इतकी व्हायची की संध्याकाळी जेवताना सूनबाईचा हात तोंडापर्यंत जायचा कंटाळा करायचा. सासरेही दमायचे. पण दमून जेवायचे, जेवून झोपायचे आणि सकाळी तिच्या आधी उठून बूट घालून बसायचे. गॅलरीतल्या टेबलावर आता काहीच नव्हतं, आणि तिकडे ते चुकूनही बघत नसत. सूनबाईने एकदा सुचवून पाहिलं की घड्याळं घ्या परत दुरुस्तीला, शेजारपाजारची. ते म्हणाले, आता कोण घड्याळ दुरुस्त करून घेतं. तिने विषय सोडून दिला.

हळूहळू त्यांची फुलपाखरं कमी व्हायला लागली. एका सकाळी चार-दोन सापडली. मग एखादंच. काचा स्वच्छ निघू लागल्या. मोठ्या बाई खूश होत्या, त्यांनी सूनबाईला चक्क बसायला खुर्ची दिली. सूनबाईला मात्र त्या खुर्चीत बसवेना. जे काम संपावं म्हणून ती धावत होती ते संपलं की घरी काय होणार, हे तिला दिसत होतं. साय धरलेला चहा दिसत होता.

मग ती सकाळ आली, जेव्हा ऊन चांगलं वर येईपर्यंत सासऱ्यांनी प्रत्येक वेळी भिंग लावून हेच म्हटलं, हे नाही, सोड. हेही नाही. सूनबाई जाळी घेऊन सगळं कुरण दोनदा फिरून आली. स्टुलापाशी येऊन खाली गवतातच बसली. सासऱ्यांनी भिंग काढून खिशात ठेवलं.

"संपली वाटतं गं," ते म्हणाले. आवाजात काहीच नव्हतं. बरंही नव्हतं, वाईटही नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाने चहा नको म्हणावा, तसं ते म्हणाले.

तेव्हाच सूनबाईला ते दिसलं. सासऱ्यांच्या पाठीमागे, लांबची नजर गेलेल्या माणसाला वळूनही दिसलं नसतं अशा अंतरावर, कडेच्या झुडपावर एक फुलपाखरू बसलेलं होतं. पंखाच्या कडेला पिवळसर रेघ उन्हात स्पष्ट चमकत होती. पोट पानाच्या खाली वाकवून ते अंडं घालत होतं. एक घालून झालं, पुढच्या पानावर गेलं. एका दिवसात ते किती पानांवर बसेल आणि प्रत्येक पानावर काय सांडेल, हे सूनबाईइतकं त्या कुरणात कुणालाच ठाऊक नव्हतं. जाळी तिच्या मांडीवर होती. उठून धावली असती तर ते हमखास सापडलं असतं. जड होतं, फार लांब गेलं नसतं.

ती उठली. गुडघ्यांनी आवाज केला.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मघाशी एक दिसलं होतं, पार त्या टोकाला निघून गेलं. आज काही सापडायचं नाही ते. उद्या यावं लागेल."

सासऱ्यांनी मान वर केली. "कागद लावलेलं होतं?"

"हो."

"मग उद्या जरा लवकर निघू," ते म्हणाले. "आणि माझी टोपी आठवणीने घे. ऊन फार लागतं इथे." स्टूल मिटून त्यांनी स्वतःच काखेत मारलं आणि काठी टेकत चालायला लागले. सूनबाई जाळी गुंडाळत, मागे वळून न बघता त्यांच्या मागोमाग निघाली.